वऱ्हाडात कंठ फुटला

पुणे स्टेशनवर मला पोचवायला कोणी आलं नव्हतं, आणि ते बरंच झालं. कोणी आलं असतं तर मी त्यांच्याबरोबरच घरी परत गेले असते.

खरं तर वऱ्हाडात जायच्या होत्या आमच्या डॉक्टरीणबाई. मी त्यांच्या हाताखालची परिचारिका. बाळंतपणं करण्यात माझा हात धरणारं आमच्या सूतिकागृहात कोणी नव्हतं, हे मी नम्रपणा सोडून सांगते. पण चार माणसांसमोर उभं राहून बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटे. हे लहानपणापासूनचं. पुढे एकोणिसाव्या वर्षी वैधव्य आलं, तेव्हापासून तर गप्प राहणं हाच माझा गुण म्हणून लोक वाखाणत असत. वऱ्हाडातल्या महिलामंडळांनी बाळंतपणातली स्वच्छता या विषयावर तीन व्याख्यानं ठरवली होती: अमरावतीला, अंजनगाव सुर्जीला आणि शेवटी अकोल्याला. बाई बोलणार आणि मी मागे उभी राहून चित्रांचे तक्ते धरणार, असा बेत होता. निघायच्या चार दिवस आधी बाईंना हिवताप भरला. अंथरुणात पडल्या पडल्या त्यांनी स्वतःचा लिहिलेला निबंध माझ्या हातात दिला.

"नुसता वाचायचा आहे," त्या म्हणाल्या. "वाचता येतं ना?"

वाचता येत होतं. मी गेले.

दौंडला गाडी बदलली, मनमाडला बदलली. भुसावळ मागे पडल्यावर सकाळ झाली आणि खिडकीबाहेर जमीन काळी झाली. आमच्याकडची माळरानं, टेकड्या काही नाही. डोळा पोचेल तिथवर काळं सपाट रान आणि त्यावर पांढरी फुटलेली पऱ्हाटी (कपाशीची झाडं). स्टेशनांवर कापसाचे ढीग, गाड्यांच्या रांगा, जिनांच्या (कापसातली सरकी काढायच्या कारखान्यांच्या) उंच चिमण्या. हवेत सुद्धा कापसाचे तंतू उडत होते. बडनेऱ्याला पुन्हा गाडी बदलून मी एकदाची अमरावतीला उतरले. तिकडची जुनी माणसं उमरावती म्हणतात.

स्टेशनवर मंडळाच्या अध्यक्षा इंदिराकाकू स्वतः रेंगी (बसायची लहान बैलगाडी) घेऊन आल्या होत्या. एका वकिलांच्या पत्नी, पन्नाशीच्या, अंगाने भरलेल्या, आवाज खणखणीत. मला पाहून क्षणभर त्यांची नजर माझ्या मागे गेली. मागे कोणीच नाही हे पाहून त्यांनी लगेच सावरून घेतलं. "अहो, तुम्ही आलात तेच खूप झालं. चला, भूक लागली असेल."

त्यांच्या घरी जेवायला बसले. स्वयंपाकाच्या बाईने पातोडीचा (बेसनाच्या वड्यांचा) झणझणीत रस्सा वाढला आणि विचारलं, "वरून सांबार टाकू काय?"

आधीच त्या रश्श्याने डोळ्यांत पाणी आलं होतं. मी घाईघाईने म्हटलं, "नको नको, आणखी पातळ काही नको, हेच तिखट आहे." ती माझ्याकडे बघतच राहिली. इंदिराकाकू हसून हसून लाल झाल्या. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे मला तेव्हा कळलं. त्या हसण्याने माझा जीव थोडा हलका झाला. पण संध्याकाळ जवळ येऊ लागली तशी मी निबंध पुन्हा पुन्हा उघडून वाचू लागले.

व्याख्यान त्यांच्याच ओसरीवर आणि अंगणात होतं. शंभरेक बायका आल्या असतील. मी उभी राहिले, कागद उघडला आणि पहिलं वाक्य वाचलं: "प्रसूतिसमयी शुचिर्भूततेचे माहात्म्य कथन करण्याचे मी योजिले आहे." दुसरं वाक्य वाचलं. तिसऱ्या वाक्याला अक्षरं एकात एक शिरली आणि माझा आवाज बारीक बारीक होत मलाच ऐकू येईनासा झाला. मागून एक बाई मोठ्याने म्हणाली, "काय म्हणून राहिली व ते? आयकूच नाही येत!" कोणीतरी खुदकन हसलं. मी पुढचं वाक्य शोधत राहिले. ते सापडलं नाही. मी खाली बसले.

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. इंदिराकाकूंनी पाहुण्यांना प्रवास बाधल्याचं सांगितलं आणि संत्र्यांच्या टोपल्या फिरवल्या, एवढं आठवतं. कागद माझ्या मुठीत चुरगळून ओला झाला होता.

सकाळी मी त्यांना म्हटलं, "अंजनगावला आणि अकोल्याला तार करा. मी परत जाते."

त्या शांतपणे संत्रं सोलत होत्या. एक फोड माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, "अकोल्याची तार काय, अंजनगावहूनही करता येईल. पण अंजनगावची सभा आज दुपारीच आहे. तार पोचून निरोप जाईतो बायका येऊन बसलेल्या असतील. कामं टाकून येतात हो त्या. तुम्हीच जाऊन सांगा ना त्यांना, व्याख्यान नाही म्हणून. वाटेवरच आहे."

वाटेवर मुळीच नव्हतं. मूर्तिजापूरला उतरून लहान गाडीने चांगलं तीन-चार तास आत जावं लागतं. हे मला नकाशा पाहून नंतर कळलं. काकूंनी ते मुद्दाम केलं का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

मूर्तिजापूरला आणखी एक फजिती झाली. लहान गाडी सुटायला आली म्हणून मी धावत उतरले, आणि तक्त्यांची पत्र्याची नळी मोठ्या गाडीतच राहिली. डॉक्टरीणबाईंचा निबंधही त्या नळीतच सरकवलेला होता. माझ्या डोळ्यांदेखत ती गाडी अकोल्याच्या दिशेने निघून गेली. मी फलाटावर उभी राहून पाहत होते, आणि खरं सांगते, मला थोडं बरं वाटलं. आता कोणी म्हटलं तरी व्याख्यान देणं शक्य नव्हतं.

लहान गाडी म्हणजे मोठ्या माणसाने खेळायला घेतलेली आगगाडी. डबे अरुंद, गुडघ्याला गुडघे लागतात. माझ्यासमोर एक पन्नाशीची बाई दोन रिकाम्या टोपल्या पायांशी घेऊन बसली होती. हिरवं लुगडं, रापलेला चेहरा. डब्यातल्या प्रत्येकीशी तिची ओळख दिसत होती. माझ्याशी नव्हती, ती तिने स्टेशन सुटायच्या आत करून घेतली. नाव गंगाबाई. जातीने माळीण. अंजनगावजवळ मळा, मूर्तिजापूरच्या बाजाराला वांगी आणि मिरच्या घेऊन आली होती, माल खपवून परत चालली होती.

"तुमी कोठच्या? कावून चालल्या अंजनगावले?"

मी सांगितलं: पुण्याची, परिचारिका, एक व्याख्यान होतं, ते आता होणार नाही, एवढंच सांगायला चालले आहे.

गंगाबाईचा चेहरा एकदम पडला. "होणार नाही? कावून? अवं, मी तं त्याच्यासाठीच पयल्या गाडीनं वापस जाऊन राहिली! मास्तरीणबाईनं घरोघर सांगतलं होतं, पुण्याची शिकेल बाई येऊन राहिली म्हून. मले इचारायचं होतं."

"काय विचारायचं होतं?"

तिने टोपल्या बाजूला सारल्या आणि पुढे झुकली. मग आवाज खाली करून म्हणाली, "माही सून आठव्या महिन्यात हाये. पयलं लेकरू झालं होतं, गोरंपान, चांगलं रडलं, दूध पेलं. आठव्या दिवशी जबडा धरला, अंग धनुष्यावानी वाकडं झालं अन् गेलं. लोकं म्हन्ले बाहेरचं झालं. मी म्हन्लं, लेकरू तं घराबाहेर निघालंच नाही, त्याले बाहेरचं कसं झालं?"

हा धनुर्वात, हे मला माहीत होतं. निबंधात पान तिसरं. पण मी ते निबंधातलं सांगितलं नाही. मी विचारलं, "नाळ कशाने कापली होती?"

"इळ्यानं. घरचाच इळा."

"वरून काय लावलं?"

"राख. चुलीतली नाही, गोवरीची."

मी तिला सांगितलं. विळ्याला माती लागलेली असते, शेण लागलेलं असतं, डोळ्यांना दिसत नाही असं विष त्यात असतं; ते नाळेतून आत जातं. विळा असो की पातं, आधी खळखळत्या पाण्यात उकळायचं, दोराही उकळायचा, सुईणीने हात साबणाने धुवायचे आणि नाळेला काही म्हणजे काही लावायचं नाही, स्वच्छ कोरडं फडकं तेवढं. हे सगळं बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की डब्यातल्या सगळ्या बायका बोलायच्या थांबल्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. त्याबरोबर माझी जीभ टाळ्याला चिकटली.

गंगाबाईच्या ते लक्षात आलं. "काय झालं व?"

मी तिला अमरावतीचं सगळं सांगून टाकलं. परक्या बाईला माणूस जे सांगतं ते घरच्यांना सांगत नाही.

ती हसली नाही. म्हणाली, "भेव (भीती) लागते. मले नव्हतं काय लागत? माह्या मालकाची मांडी मोडली, इहिरीच्या पायऱ्यावरून पडले. तोवर मी कधी बजारात बसेल नव्हती. वांगे घेऊन गेली, टोपली उघडली अन् बसली मुकाट. बाजूची बाई वरडून राहिली, समोरचा वरडून राहिला, माहा आवाजच निघे ना. वांग्याले पाणी मारत बसली दिवसभर. तसेच वापस आणले. दुसऱ्या बजारीही तसंच."

"मग?"

"मंग तिसऱ्या बजारी एक माणूस आला. वांगं हातात घेतलं, इकडून पायलं, तिकडून पायलं, अन् म्हनते, किडके हायेत. माहे वांगे! मी पायटं (पहाटे) उठून एक एक पाहून तोडेल! मी अशी वरडली बाप्पा, का अर्धा बजार पाहाले आला." आता ती हसली. "मले भेव हायेच अजून. पण वांग्याले कोनी नाव ठेवलं का मंग मले भेवाची आठवण राहत नाही."

मला "तुमी" म्हणता म्हणता ती "तू"वर कधी आली, दोघींनाही कळलं नाही. "तू सभेत नको बोलू," ती म्हणाली. "माह्या मळ्यात ये. सरूले सांग, सुनेले माह्या. बाकीच्या बसल्या तं बसल्या."

अंजनगावला मास्तरीणबाई स्टेशनवर होत्या. मला तोंड उघडू न देता गंगाबाईने त्यांना सांगितलं की सभा मळ्यात आहे.

मळा गावाबाहेर विहिरीला लागून होता. चिंचेखाली गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे (जाड कणकेचे गोळे) भाजत घातले होते. बाहेरून काळे, आतून मऊ, तुपात बुडवून वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. मी तीन खाल्ले. ज्या वांग्यांसाठी गंगाबाईने अर्धा बाजार गोळा केला होता, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार राहिली नाही.

सरू वीस-एकवीस वर्षांची होती. माझ्याकडे न बघता मिरच्यांची देठं खुडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि तिच्याशीच बोलू लागले. हळूहळू बायका येत गेल्या, कोणी बांधावर बसली, कोणी मोटेच्या धावेवर (बैलांच्या उतरत्या वाटेवर). मागे किती जमल्या हे मी वळून पाहिलं नाही. मध्येच कोणी विचारी, "अन् हळद लावली तं?" कोणी म्हणे, "आमी बाळंतिणीले पाणीच देत नाही पाच दिवस, थे बरं का वाईट?" मी प्रश्नाला उत्तर देत गेले. असा तासभर गेला असेल. शेवटी सरूने पहिल्यांदा वर पाहिलं आणि विचारलं, "म्हंजे माही काही चूक नव्हती?"

"नाही," मी म्हटलं. "तुझी नव्हती."

ती पुन्हा देठं खुडायला लागली, पण हात थांबत थांबत चालत होते. तिचं पुढचं इथेच सांगून टाकते, कारण वाचणारीच्या मनात तेच राहील. दोन महिन्यांनी मास्तरीणबाईंचं कार्ड आलं: सरूला मुलगी झाली, पातं उकळून घेतलं, बारसं झालं, गंगाबाई कोणाला बाळाला हातही लावू देत नाही, आधी साबण दाखवते.

मळ्यातून निघताना मी मास्तरीणबाईंना सांगितलं की अकोल्याला तार करायची आहे. त्या म्हणाल्या, "करते." मग मीच म्हटलं, "मी येते आहे, अशी करा."

अकोल्याला पोचले तेव्हा मात्र हे शौर्य उरलं नव्हतं. मळा वेगळा आणि अकोला वेगळं. मोठं व्यापारी शहर, कापसाच्या आणि धान्याच्या गाड्यांनी रस्ते भरलेले. सभा मुलींच्या एका शाळेच्या मोठ्या दालनात होती, आणि त्यात उंच व्यासपीठ होतं. दोन-अडीचशे बायका.  मी समोर एक चेहरा शोधला. पहिल्या रांगेत कडेला एक बाई तान्ह्याला पाजत बसली होती. तिच्याकडे बघून मी सुरुवात केली: "तुमचं बाळ किती महिन्यांचं?"

ती दचकली. "तीन," म्हणाली. लोक हसले, पण ते हसणं वेगळं होतं.

मी विळ्यापर्यंत आले असेन-नसेन, तोच मागच्या भिंतीजवळून एक म्हातारी उठली. वाकलेली, पण डोळे तीक्ष्ण. शहरातली जुनी सुईण सोनाबाई, असं व्यासपीठावर शेजारी बसलेल्या बाईने मला हळूच सांगितलं.

"ए पोरी," ती म्हणाली, "तुले किती लेकरं?"

 माझं मोकळं कपाळ सगळ्यांना दिसत होतं. पूर्वीची मी असते तर तिथेच खाली बसले असते.  पण लपवण्यासारखं काही नव्हतं.

"एकही नाही," मी म्हटलं. "होण्याआधीच नवरा गेला."

सोनाबाई थोडी गडबडली. मग म्हणाली, "मंग तू आमाले काय शिकवून राहिली? माह्या या हातानं आख्खी पेठ जन्माले आली."

"तुमचे हात माझ्यापेक्षा जुने आहेत, आजी. आडवं आलेलं मूल तुम्ही कसं फिरवता, हे तुम्ही मला शिकवा. मी शिकेन. मला तुमचे हात बदलायचे नाहीत. मला फक्त तुमचं पातं उकळायचं आहे."

ती मग बायकांना बाजूला सारत पुढे आली, व्यासपीठाच्या पायऱ्या चढली, कमरेची पिशवी सोडली आणि चिंधीत गुंडाळलेलं एक जुनं, झिजून अरुंद झालेलं पातं माझ्यापुढे धरलं. "घे. उकाळ. पाहू दे सगळ्यायले, काय होते."

शाळेतल्या बायांनी स्टोव्ह आणि पातेलं आणलं. मी पाणी ठेवलं, पातं त्यात सोडलं. आणि मग माझ्या लक्षात आलं की पाणी उकळायला वेळ लागतो. स्टोव्ह फुरफुरत होता, अडीचशे बायका बघत होत्या, आणि त्या वेळात मला बोलणं भाग होतं. कागद नव्हता, तक्ते नव्हते. मी सरूच्या पहिल्या बाळाची गोष्ट सांगितली, नाव न घेता. मग माझ्या हातून गेलेल्या एका बाळाची सांगितली, जी मी तोवर कोणालाच सांगितली नव्हती. मी शिकाऊ होते, घाईत हात धुतले नव्हते. हे बोलताना माझा आवाज कापला. कापू दिला. ऐकू तर येत होता.

सोनाबाई माझ्या शेजारी पातेल्यात बघत उभी होती. ती पातेल्यात बघतच म्हणाली, "माह्याही हातून गेले." तिचा आवाज मागपर्यंत गेला नसेल. मी ऐकला.

पाणी खळखळलं. मी म्हटलं, "आता इतकाच वेळ आणखी उकळू द्यायचं."  शेवटी पातं चिमट्याने उचलून मी स्वच्छ फडक्यावर ठेवलं. सोनाबाईने हात पुढे केला आणि मी तो धरून थांबवला. "आधी साबण, आजी."

ती मग बायकांकडे वळून म्हणाली, "लय खमकी हाये व ही!" आणि हात धुवायला गेली. टाळ्या कोणाला पडल्या, मला की तिला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. सभा संपल्यावर तिने मला बाजूला बसवून, उशीचं मूल करून, आडवं बाळ कसं फिरवायचं ते दाखवलं. पुण्यात ते मला कोणी दाखवलं नव्हतं.

परतीच्या गाडीत बायकांचा डबा भुसावळपर्यंत भरलेलाच होता. माझ्यासमोर एक मुलगी आईबरोबर माहेरी बाळंतपणाला चालली होती. पोटावर हात ठेवून, डोळे खाली घालून बसली होती. डॉक्टरीणबाई विचारतील, तेव्हा त्यांना काय सांगायचं, याची मी मनात जुळवाजुळव करत होते. पहिलं व्याख्यान पडलं, तक्ते हरवले, निबंध हरवला, हे सगळं सांगावं लागणार होतं. त्यापुढे त्या विचारतील, आता भीती गेली का? नाही गेली. सातारा, नगर, कुठेही व्यासपीठ दिसलं की जीभ टाळ्याला चिकटणारच, हे मला माहीत आहे. इतकी वर्षं मी ती जायची वाट पाहत होते, आणि ती जाईपर्यंत बोलायचं नाही असं ठरवून बसले होते, एवढं मात्र मला वऱ्हाडात उमजलं.

समोरच्या मुलीच्या आईने पदराखालून एक पुरचुंडी काढून तिला खायला दिलं. मुलीने मान हलवली. आई काळजीने तिच्याकडे बघत राहिली. डब्यात दहा-बारा बायका होत्या, सगळ्या अनोळखी.

मी माझी वळकटी बाजूला सारली, जागा केली, आणि पुढे सरकून विचारलं, "कितवा महिना?"